पोत्यातला घट

पाऊस थांबला तसा उषाबाईनं आधी पिठाचा डबा उघडला. अंगणाच्या कडेला पुराचं पाणी डुचमळत होतं, गोठ्याची मागची भिंत बसली होती, पण बाईमाणसाची नजर आधी डब्यातच जायची. तळाला पिठाचा ओला गोळा झाला होता आणि त्यावर हिरवट बुरशी धरली होती. तिनं बोटानं उकरून पाहिलं, हुंगलं आणि डबा अंगणात उपडा केला. कोंबड्या धावत आल्या, चोच लावून पाहिली आणि निघून गेल्या.

वस्ती म्हणायला दोनच घरं. तीर्थपुरीच्या रस्त्यापासून आत, एका अंगाला गोदावरी, दुसऱ्या अंगाला ओढा आणि मधे हा उंचवटा. नदीचं पाणी ओढ्यात उलटं शिरलं, ओढ्यावरचा पूल वाहून गेला आणि दोन्ही घरं जागच्या जागी अडकली. गावातल्या लोकांना शाळेत नेलं म्हणे. वस्तीवर होडी येणार म्हणे. हे सगळं मोबाइल चालू होते तेव्हाचं. आता काकासाहेबांचा मोबाइल फळीवर पालथा पडला होता.

पोरगा कल्याण जुन्या जालन्यात अडत दुकानावर कामाला, तो तिकडेच. घरात उषाबाई, तिचा नवरा काकासाहेब, सून दैवशाला आणि दैवशालेचं पंधरवड्याचं लेकरू. दैवशालेच्या माहेरी करणारं कोणी नव्हतं, म्हणून बाळंतपण सासरीच झालं होतं. तेव्हा उषाबाईला केवढा आनंद झाला होता. आता तिला वाटत होतं, ही पोर माहेरी असती तर निदान गरम घास तरी पोटात गेला असता.

गॅसची टाकी पूर येण्याआधीच संपली होती. सरपण भिजलं होतं. काकासाहेबांनी जुनी बाज मोडून तिचे लाकडी गाते-ठावे बाळंतिणीच्या खोलीत शेगडीला लावले होते. तो जाळ फक्त बाळंतिणीसाठी आणि लेकरासाठी. त्यावर स्वयंपाक मांडला असता तर बाज एका दिवसात जळून गेली असती.

फळीवर राहिला होता तो मुगाचा डबा. औंदाचेच मूग, श्रावणात तोडलेले. उषाबाईनं त्यातले ओंजळभर काढले, पत्र्याच्या वळचणीला धरलेल्या पावसाच्या पाण्यात भिजवले आणि जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून ओसरीच्या खुंटीला लटकवले. फडकं वाळलं की पाण्याचा हबका मारायचा. दुसऱ्या दिवशी गाठोडं फुगलं आणि फडक्याच्या विणीतून पांढरी टोकं बाहेर डोकावली. ओंजळीचं पातेलंभर झालं. ना गिरणी लागली, ना जाळ.

"कच्चे?" काकासाहेबांनी विचारलं.

"मंग काय हाटेलात जाता?"

त्यांनी मिठाचा खडा लावून एक घास तोंडात टाकला. दाढा पडलेल्या, त्यामुळे मूग या गालातून त्या गालात फिरत राहिले. बाळंतिणीच्या वाट्याचे तेवढे तिनं शेगडीवर वाफवले. बाळंतिणीला कच्चं कडधान्य दिलं असतं तर उषाबाईची सासू स्वर्गातून उतरून आली असती.

उषाबाईचा नवरात्राचा उपास होता. नऊ दिवस ती धान्याला शिवत नसे, लग्न झाल्यापासून नेम मोडला नव्हता. बरणीतले मूठभर शेंगदाणे आणि पाणी यावर तिचं चाललं होतं. उठताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. पण तिच्या जिवाला लागलं होतं ते दुसरंच. दैवशालेला दूध टिकेनासं झालं होतं. लेकरू छातीला लागायचं, ओढायचं, सोडून रडायचं, पुन्हा लागायचं. होडी येईपर्यंत हे मूग पुरले तर दूध टिकेल आणि दूध टिकलं तर लेकरू. म्हणून डब्यात हात घालताना ती दर वेळी थोडे परत टाकायची.

त्या सकाळी ती ओसरीवरच्या ज्वारीच्या पोत्यांकडे गेली. घरात गुडघाभर पाणी शिरलं तेव्हा वरची पोती काकासाहेबांनी माळ्यावर चढवायचा प्रयत्न केला होता, पण कमरेत उसण भरली आणि सगळी पोती जागीच भिजली. तिनं पोत्यावर हात ठेवला. आत धग होती. शिवण उसवली तर आतून पांढऱ्या पिवळट कोंबांचा गुंताच वर आला. बोट बोट लांबीचे कोंब, खाली मुळ्यांची जाळी.

उषाबाई पाहतच राहिली. औंदा घट बसवताच आला नव्हता. घटस्थापनेच्या दिवशीच पाणी घरात आलं, पत्रावळ, वावरातली माती, सप्तधान्य सगळं राहून गेलं. ही टोचणी तिला रोज लागून होती. आणि इथं, कोणी न बसवता, पोत्यात घट उगवून आला होता. तिनं नकळत हात जोडले.

"अव्हो, बघा तरी. आईनं सोता घट बसवला."

काकासाहेब कमरेला हात लावून आले. "नासली म्हण ना ज्वारी."

"नासली कामून? मोड आलेत. मुगाला येत्यात तसेच."

वर्षाची ज्वारी गेली होती, त्याला घट म्हटलं काय आणि आणखी काय म्हटलं काय, काकासाहेबांना सारखंच होतं.

तेवढ्यात पलीकडून रडणं ऐकू आलं. दुसऱ्या घरातल्या आसराबाईची नात, शालू. चार-पाच वर्षांची पोर, पण आवाज असा की ओढ्यापलीकडे जावा. आज मात्र तो आवाज बारीक झाला होता, मधेच बंद पडत होता.

आसराबाईचा मुलगा गोरक्षनाथ आणि सून मेंढरं घेऊन दूर गेले होते. मागे आसराबाई, शालू आणि एक दुभती शेळी. तिच्या घराची एक बाजू पावसानं बसली होती आणि पीठमीठ त्याखालीच गेलं होतं. हे उषाबाईला इथून दिसत होतं. दिसत होतं आणि ती पाहत नव्हती, कारण दोन्ही घरांत पावसाळ्याच्या तोंडाशीच बोलणं बंद झालं होतं. काकासाहेबांनी बांधावर तणनाशक फवारलं आणि सांगितलं नाही. आसराबाईच्या दोन शेळ्या बांधाला चरल्या आणि संध्याकाळपर्यंत मेल्या. आसराबाई म्हणाली, मुद्दाम केलं. काकासाहेब म्हणाले, माझ्या बांधावर मी काय मारीन ते मारीन. गावात चार माणसं बसली, उठली, आणि दोघांचीही तोंडं दोन दिशांना झाली.

"मामी," दैवशाला आतून सासूला म्हणाली, "त्या लेकराला काही तरी द्या. मला ऐकवत न्हाई."

"देते ना. म्या काय दगडाची हाय का?"

खुंटीवर मुगाचं गाठोडं लटकत होतं. उषाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. मग ती पोत्यापाशी गेली आणि ज्वारीचे कोंब ओरबाडून टोपलं भरू लागली. नाही तरी पोतं सडणारच होतं. त्यांचं पोटही भरेल, आपला डबाही जागेवर राहील. वर पुन्हा देवीचा प्रसाद. आपल्याला न परवडणारा दानधर्म माणूस टाळतो, पण फुकटचं पुण्य कोण सोडतो? उषाबाईनं टोपलं चांगलं शीग लावून भरलं.

चिखलात पाय रुतवत ती मधल्या लिंबापर्यंत गेली. तिथून पुढं तिचं पाऊल पडेना.

"आसरामाय!"

पडक्या भिंतीआडून आसराबाई बाहेर आली. लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला, तोंड वाळून गेलेलं. मागे शालू तिच्या लुगड्याला धरून.

"हितं ठिवते. लेकराला दे."

"काय हाय?"

"मोड आलेलं धान हाय. घटाचं म्हण."

आसराबाई जागची हलली नाही. उषाबाईनं टोपलं लिंबाच्या बुडाशी ठेवलं आणि परतली. मागे वळून पाहिलं तेव्हा आसराबाई टोपल्यावर वाकली होती. घेतलं एकदाचं, म्हणून उषाबाईला बरं वाटलं. उपाशी पोटी चांगलं काम केल्याचा जरा ताठाही आला.

घरी येऊन ती लेकराची लंगोटी धुवायला बसली. काकासाहेबांनी बैल सोडून अंगणात आणला. गोठ्यातला कडबा कुजून काळा पडला होता, बैलाच्या बरगड्या वर आल्या होत्या. उसवलेलं पोतं दिसताच त्यानं दाव्याला हिसडा मारला आणि सरळ त्यात तोंड खुपसलं. काकासाहेबांनी कमर विसरून त्याच्या नाकपुड्यांवर दोन फटके मारले.

"हैक! मरतो का? किराळ लागंल ना तुला, कोवळी ज्वारी हाय ती!"

उषाबाईचे हात पाण्यात थांबले.

किराळ. वावरात ज्वारी वीतभर असताना जनावर आत शिरलं तर आख्खं घर आरडत धावतं. तोंडाला फेस, पोट फुगलेलं, पाय ताठ, आणि घटकेत जनावर गेलेलं. हे तिला परकर नेसत होती तेव्हापासून माहीत होतं. पण ते वावरातलं. घरातलं धान्य म्हणजे धान्य, त्याला मोड आले तर ते खायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. आणि तोच कोंब, तीच ज्वारी, ती शीग लावून लेकरासाठी ठेवून आली होती.

"अव्हो," ती म्हणाली. ती उठली आणि पळत सुटली.

चिखलानं पाय धरले. एकदा ती हातांवर पडली, उठली, पदर खांद्यावरून पडला तो तसाच ओढत गेली. लिंबाच्या बुडाशी टोपलं नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढं फक्त शालूचं तोंड होतं, फेसानं भरलेलं. देवी, माझं लेकरू घे, पण हे नको. असं ती मनात म्हणून गेली आणि म्हणाल्यावर तिला कळलं की आपण काय म्हणालो.

पडक्या भिंतीमागे शेळी आडवी पडली होती. मान मागे वळलेली, पाय झाडत होती, तोंडाला फेस. बाजूला टोपलं उलटं. आसराबाई शेळीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

"शालू? शालूनं खाल्लं का?"

आसराबाईनं वर पाहिलं.

"मी खाऊ दिलं असतं व्हय? मेंढरांमागं जल्म गेला माझा. कोवळी ज्वारी वळखू येत न्हाई मला?"

आतून शालू दाराशी आली आणि बोट तोंडात घालून उभी राहिली. उषाबाई मटकन चिखलात बसली. पोर जिवंत होती. मरत्या शेळीसमोर बसून तिला एवढा आनंद झाला की तिला स्वतःचीच लाज वाटली.

"मंग शेळीनं कसं?"

"दडवून ठिवलं व्हतं. होडी आल्यावर चार मान्सांला दाखवाया. म्हणलं, या टायमाला पुरावा हाय." आसराबाईचा आवाज चिरकला. "पाणी आणाया गेल्ते. हिनं दावं तोडलं."

"गूळ! गुळाचं पाणी पाज, थांब, आणते."

ती पुन्हा पळाली. घरात गुळाचा एकच खडा उरला होता, बाळंतिणीसाठी बाजूला काढलेला. तिनं तो घेतला तेव्हा दैवशाला भिंतीला टेकून, लेकरू छातीशी धरून तिच्याकडे पाहत होती. उषाबाईनं धापा टाकत सगळं सांगितलं. दैवशालेनं एकदा गुळाकडे पाहिलं.

"न्या मामी. जल्दी जा."

दोघींनी मिळून शेळीचा जबडा उघडला. आसराबाईनं जीभ बाजूला धरली, उषाबाईनं गुळाचं पाणी वाटीनं ओतलं. अर्धं फेसाबरोबर बाहेर आलं. पुन्हा ओतलं. काकासाहेब कमर धरत येऊन उभे राहिले. शेळीच्या पोटावर आसराबाईचा हात चोळत फिरत होता आणि त्या हाताखाली श्वास लांबत चालला होता. मग पाय ताठ झाले ते झालेच. आसराबाईचा हात तरीही थोडा वेळ फिरत राहिला.

"आधी दोन," ती म्हणाली. "आता ही. हिच्या दुधावर पोर जगून राह्यली व्हती."

काकासाहेब खाकरले. "आसराबाई, आमी काय जाणूनबुजून..."

"तुमी बोलू नका," आसराबाई म्हणाली. मग ती उषाबाईकडे वळली. "तू बोल. शेतकऱ्याच्या घरची तू. तुला ठावं न्हवतं?"

उषाबाईच्या तोंडात माती गेली होती, ती तिनं पदरानं पुसली. माहीत नव्हतं म्हणावं तर कोणी विश्वास ठेवला नसता. माहीत होतं म्हणावं तर ती खुनी ठरत होती.

"ठावं व्हतं. ध्यानात आलं न्हाई."

"कामून न्हाई आलं? तुझ्या खुंटीला मुगाचं फडकं लटकलेलं मला हितून दिसतं. रोज दिसतं. पोरगी इचारती, आज्जे, ते काय हाय. मंग मूग कामून न्हाई दिले?"

काकासाहेबांनी मान खाली घातली. उषाबाईला वाटलं, जमीन फाटावी. विष घातलं नाही, हे पटवायचं तर दुसरं सांगावं लागत होतं, आणि ते नवऱ्यासमोर, या बाईसमोर, मेलेल्या शेळीसमोर सांगायचं होतं.

"मूग आमच्यासाठी ठिवले," ती म्हणाली. "म्हणलं आपला डबा मोडाया नको. पोतं तर सडणारच व्हतं, ते तुला दिलं. तुला काय द्यावं याचा इचारच केला न्हाई, म्हणून ध्यानात आलं न्हाई. इख न्हाई घातलं माय. हलकं घातलं."

आसराबाईच्या चेहऱ्यावरचा राग गेला नाही, पण त्यातली भीती गेली.

"हे मातर खरं बोलली," ती म्हणाली.

काकासाहेबांनी आणि उषाबाईनं मिळून खड्डा खणला. ओल्या मातीत कुदळ सहज जात होती, तरी काकासाहेबांना दर घावाला थांबावं लागत होतं. शेळी खड्ड्यात ठेवल्यावर ते खड्ड्याकडेच पाहत बोलले, "बांधावर फवारलं तवा सांगाया पाह्यजे व्हतं मी." आसराबाईनं ऐकलं की नाही कळलं नाही. ती शालूला घेऊन आत गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उषाबाईनं खुंटीवरचं गाठोडं सोडलं. रात्रीत मोड चांगले वाढले होते. तिनं दैवशालेचा वाटा काढला, आणि उरलेले सगळे पितळी ताटलीत घेतले. काकासाहेबांनी पाहिलं. "मला भूक न्हाई आज," ते म्हणाले आणि गोठ्यात निघून गेले. गोठ्यात त्यांना काही काम नव्हतं.

या वेळी ती लिंबापाशी थांबली नाही. आसराबाईच्या दारात जाऊन तिनं ताटली खाली ठेवली. शालू भिंतीला टेकून बसली होती, ओठ फुटलेले. ताटली पाहून तिनं मान उचलली.

"मूग हायेत," उषाबाई म्हणाली. "धुतलेत. मीठ लावलंय. होडी येईस्तोवर निम्मे निम्मे करू."

आसराबाईनं एक मूग उचलला, उजेडाकडे धरला, नखानं सोलला, हुंगला. मुगात काही नव्हतं. तरी तिचा हात पोरीकडे जाईना. दुधानं तोंड पोळलेल्या माणसाचं असंच होतं, आणि हिचं तर दोनदा पोळलं होतं.

"आधी तू खा," ती म्हणाली.

"माझा उपास हाय, माय. नऊ दिसाचा."

"ठावं हाय मला."

एवढंच. ताटली तिनं परत ढकलली नाही. शालू एकदा आजीकडे, एकदा ताटलीकडे पाहत होती.

उषाबाई दारातच मांडी घालून बसली. लग्न झाल्यापासूनचे सगळे नवरात्र तिच्या डोळ्यांपुढून गेले. तिनं मनात देवीला काही विचारलं नाही, कारण उत्तर तिला माहीत होतं. तिनं मूठभर मूग उचलले आणि तोंडात घातले. कच्च्या मुगाचा उग्र, हिरवा वास नाकात गेला. इतक्या दिवसांच्या उपाशी तोंडाला लाळ सुटली, जबडा दुखला. चावता चावता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ती ते पुसू शकली नाही, कारण आसराबाई तिच्या तोंडाकडे एकटक पाहत होती.

शालूला दम धरवेना. ती गुडघ्यांवर सरकत पुढं आली आणि तिनं ताटलीत हात घातला.

आसराबाईनं तिचं मनगट धरलं.

"थांब," ती म्हणाली. "तिला आधी गिळू दे."